सरकारी खर्चाने मिळालेला वकील नीट काम करीत नसेल तर

ज्या आरोपीला वकील परवडत नाही, त्याला राज्याच्या खर्चाने वकील देणे न्यायालयाला बंधनकारक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३४१, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३०४, तसे सांगते. राज्यघटनेत १९७६ साली आलेला अनुच्छेद ३९-अ हेच तत्त्व मांडतो. अडचण सुरू होते ती वकील मिळाल्यावर. वकील तारखेला येत नाही, आला तर कागद वाचून येत नाही, कारागृहात एकदाही भेटत नाही, साक्षीदाराला दोन प्रश्न विचारून खाली बसतो. अशा वेळी आरोपीने आणि त्याच्या घरच्यांनी काय करायचे, याची तरतूद कायद्यात, विनियमांत आणि न्यायालयांच्या निकालांत विखुरलेली आहे. तिचा उपयोग होतो तो तक्रार वेळेवर आणि कागदावर केली तरच. कोर्टाच्या व्हरांड्यात केलेली कुरकुर पुढे कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

नाशिकमध्ये हा वकील येतो तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून. प्राधिकरणाचे कार्यालय जुन्या आग्रा रोडवरील जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे. प्रमुख जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतात आणि रोजचा कारभार पाहायला न्यायिक सेवेतले पूर्णवेळ सचिव असतात. मालेगाव, निफाड, येवला यांसारख्या तालुक्यांत तालुका विधी सेवा समित्या आहेत. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा असला तरी तो अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. त्याच्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो. कोठडीत किंवा कारागृहात असलेल्या कोणालाही तो मिळतो आणि तेथे उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे.

पूर्वी हे काम पॅनेलवरच्या वकिलांना वाटून दिले जाई. त्यांची स्वतःची खासगी प्रॅक्टिस असे आणि मोफत प्रकरणाचे मानधन तुटपुंजे; मग कोणत्या तारखेला कोणाकडे धाव घेतली जाई हे वेगळे सांगायला नको. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२ च्या योजनेनंतर फौजदारी प्रकरणांसाठी पूर्णवेळ नेमलेले वकील आले. महाराष्ट्रात त्यांना लोक अभिरक्षक म्हणतात. मुख्य लोक अभिरक्षकाला फौजदारी कामाचा किमान १० वर्षांचा अनुभव लागतो, त्याच्या हाताखाली उपमुख्य आणि सहायक असतात आणि त्यांना खासगी प्रॅक्टिस करता येत नाही. पॅनेलची पद्धत मात्र पूर्ण संपलेली नाही. एकाच गुन्ह्यातले दोन आरोपी एकमेकांवर दोष ढकलू लागले, तर दोघांचा बचाव एकाच कार्यालयाने करणे योग्य नसते. तेव्हा एकाला पॅनेलवरचा वकील दिला जातो. आपला वकील यांपैकी कोणता हे आरोपीला माहीत असावे, कारण तक्रारीवर आधी जाब कोणाला विचारला जाईल ते त्यावर ठरते.

सरकार पैसे देते म्हणजे वकील सरकारच्याच बाजूचा, असा समज कैद्यांत पक्का असतो. तो चुकीचा आहे. नेमणूक झाल्यावर वकिलाची निष्ठा आरोपीशी असते आणि आरोपीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवणे त्याला खासगी वकिलाइतकेच बंधनकारक असते. पण या समजामुळे आरोपी वकिलाशी मोकळे बोलत नाही, वकिलाला बचावाचे धागे सापडत नाहीत आणि मग दोघेही एकमेकांना दोष देतात. अनेक तक्रारींचे मूळ या न झालेल्या बोलण्यात असते.

वकील बदलून मागण्याच्या हक्काची सुरुवात महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सापडते. बनावट पदव्यांच्या प्रकरणात शिक्षा झालेले एम. एच. होस्कोट येरवडा कारागृहात होते. उच्च न्यायालयाच्या निकालाची नक्कल हाती न पडल्याने सर्वोच्च न्यायालयात जायला त्यांना काही वर्षांचा उशीर झाला. १९७८ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी या प्रकरणात सांगितले, की कैद्याला निकालाची नक्कल विनामूल्य मिळाली पाहिजे आणि न्यायासाठी गरज असेल तेथे न्यायालयाने सक्षम वकील नेमला पाहिजे. मात्र त्या वकिलाला पक्षकाराची हरकत नसावी. हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. सरकारी खर्चाने अमुकच वकील द्या असा हट्ट आरोपीला धरता येत नाही, पण दिलेल्या वकिलाला सकारण हरकत घेता येते. पुढे हुसैनारा खातून (१९७९), भागलपूरच्या अंध केलेल्या कैद्यांचे खत्री प्रकरण (१९८१) आणि सुखदास (१९८६) या निकालांनी मोफत वकील हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. आरोपीने मागितला नाही तरी या हक्काची जाणीव त्याला करून देणे दंडाधिकाऱ्यावर बंधनकारक झाले.

वकिलाविषयीची प्रत्येक नाराजी तक्रारीचे कारण ठरत नाही. जामीन फेटाळला गेला, खटला लांबला, वकील सौम्य बोलतो, ही कारणे पुरेशी नाहीत. काही साक्षीदारांना उलटतपासात प्रश्न न विचारणे हाही शहाणपणाचा डाव असू शकतो. जो साक्षीदार आरोपीविरुद्ध काहीच बोललेला नाही, त्याला छेडून नवे काही वदवून घेणारा वकील नुकसानच करतो. दखल घ्यावी अशी कारणे वेगळी आहेत: तारखांना गैरहजेरी, दोषारोपपत्राची प्रत न घेणे किंवा न वाचणे, आरोपीला एकदाही न भेटणे, त्याने दिलेल्या साक्षीदाराचा किंवा कागदाचा पाठपुरावा न करणे, आरोपीला न विचारता गुन्हा कबूल करायला लावणे, फिर्यादी पक्षाशी हितसंबंध असणे आणि पैसे मागणे.

हलगर्जीपणाचे नुकसान सर्वांत स्वच्छ दिसते ते मुदतीच्या जामिनात. समजा, अंबडच्या औद्योगिक वसाहतीतला एक परप्रांतीय कामगार चोरीच्या आरोपात अटकेत आहे. अशा गुन्ह्यात पोलिसांनी ६० दिवसांत दोषारोपपत्र दाखल केले नाही, तर जामीन हा त्याचा हक्क होतो. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा त्याहून अधिक कारावासाच्या गुन्ह्यांत ही मुदत ९० दिवसांची आहे. दिवस मोजायचे ते रिमांडच्या पहिल्या दिवसासह. मात्र हा हक्क आपोआप पदरात पडत नाही, अर्ज करावा लागतो. मुदत उलटूनही वकिलाने अर्ज केला नाही आणि दोन दिवसांनी पोलिसांनी दोषारोपपत्र ठेवले, तर तो हक्क गेला. मग जामीन मिळवायला गुणदोषांवर युक्तिवाद करावा लागतो आणि नाशिकमध्ये जामीनदार कोठून आणायचा या प्रश्नाशी तो कामगार पुन्हा येऊन थांबतो. राकेश कुमार पॉल प्रकरणात (२०१७) सर्वोच्च न्यायालयाने अशा जामिनाची तोंडी मागणीही पुरेशी मानली. म्हणजे वकील आला नसेल, तर व्हिडिओ कॉन्फरन्सवर हजर केलेला कैदी स्वतः न्यायाधीशांना सांगू शकतो, की साठ दिवस झाले, मला जामीन हवा आहे.

तक्रारीआधीची पायरी वकिलाशी बोलण्याची. नाशिकरोड मध्यवर्ती कारागृह न्यायालयापासून आठ-दहा किलोमीटरवर आहे आणि बरीचशी हजेरी आता व्हीसीवर होत असल्याने वकील आणि आरोपी महिनोन्‌महिने समोरासमोर येत नाहीत. कारागृहात विधी सहाय्य केंद्र असते, तेथे भेट देणारे वकील आणि विधी स्वयंसेवक येतात. त्यांच्यामार्फत वकिलाला निरोप द्यावा, भेट मागावी आणि ज्या गोष्टी हव्यात त्या कागदावर लिहून द्याव्यात. गुन्ह्याच्या वेळी आरोपी कोठे होता, कोणी पाहिले, कोणत्या दुकानात सीसीटीव्ही आहे, कोणत्या दवाखान्यात नोंद आहे अशा गोष्टी वकिलाला आपणहून कळत नाहीत. सीसीटीव्हीचे चित्रण तर काही दिवसांत पुसले जाते. सुरगाणा-पेठकडच्या आरोपीला कोकणी सोयीची असेल किंवा बिहारच्या मजुराला मराठी समजत नसेल, तर दुभाष्या मागणे हेही याच पायरीवर करायचे काम आहे. वकील लक्ष देत नाही असे जे वाटते, ते कधी कधी भाषा न कळल्यानेही वाटते.

एवढे करून फरक पडला नाही, तर लेखी अर्ज. पण त्याआधी रोजनामा पाहावा. महाराष्ट्रातल्या न्यायालयांत प्रत्येक तारखेला काय झाले, कोण हजर होते, याची नोंद रोजनाम्यात होते. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर प्रकरणाचा सोळा अंकी सीएनआर क्रमांक टाकला, की घरच्यांना झालेल्या तारखा आणि पुढची तारीख दिसते. नोंदींच्या प्रमाणित नकला न्यायालयाच्या नक्कल विभागातून काढता येतात. वकील येत नाही हे वाक्य मोघम आहे. तारखांसह लिहिलेला अर्ज न्यायाधीशाला बाजूला सारता येत नाही. असा अर्ज साधारण पुढीलप्रमाणे असतो:

माझ्या बचावासाठी नेमलेले वकील १२ जून, २६ जून व १० जुलै या तारखांना हजर नव्हते. २६ जून रोजी साक्षीदार क्र. २ यांची सरतपासणी माझा वकील नसताना झाली व उलटतपास नाही अशी नोंद झाली. मला दोषारोपपत्राची प्रत मिळालेली नाही. वकिलांनी कारागृहात माझी भेट घेतलेली नाही. तरी दुसरा वकील नेमावा, त्यास तयारीसाठी वेळ द्यावा व साक्षीदार क्र. २ यांना उलटतपासासाठी परत बोलवावे.

यात वकिलाला शिव्याशाप नाहीत आणि खटल्याची हकीकतही नाही. हकीकत लिहिणे तर टाळलेच पाहिजे, कारण हा कागद सरकारी वकिलाच्याही हाती पडतो आणि बचावातली गुप्त गोष्ट त्यातून उघडी होऊ शकते. अर्जाची एक प्रत खटला चालवणाऱ्या न्यायालयाला आणि एक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना द्यायची. कैद्याचा अर्ज कारागृह अधीक्षकांमार्फत जातो. त्याचा जावक क्रमांक लिहून घ्यावा. घरच्यांनी हातोहात दिला तर आवक शिक्क्याची पोच घ्यावी. लिहिता न येणाऱ्याने विधी स्वयंसेवकाची मदत घ्यावी, किंवा न्यायाधीशांसमोर उभे राहून तोंडी सांगावे आणि ते रोजनाम्यात नोंदवण्याची विनंती करावी. देशभर चालणारा १५१०० हा मदत क्रमांक माहितीसाठी उपयोगी आहे, पण लेखी अर्जाची जागा तो घेत नाही.

राष्ट्रीय प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांनुसार प्रत्येक प्राधिकरणात देखरेख समिती असते. वकिलाने प्रकरणाच्या प्रगतीची माहिती देत राहावे आणि समितीने ती तपासावी, अशी व्यवस्था आहे. काम समाधानकारक नसेल तर प्रकरण काढून घेता येते आणि वकिलाचे नाव पॅनेलवरूनही वगळता येते. वकिलाला स्वतःहून बाहेर पडायचे असेल, तर त्यानेही प्राधिकरणाला कारण सांगून परवानगी घ्यायची असते. मनात आले म्हणून पुरसीस देऊन मोकळे होता येत नाही. समितीचा हा कागदी आराखडा चांगला आहे, पण ती सहसा हलते ती तक्रार आली म्हणजे.

नेमलेला वकील बदलण्याची महाराष्ट्रातली सर्वांत गाजलेली उदाहरणे २६/११ च्या खटल्यात घडली. विशेष न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांनी २००९ च्या मार्चअखेर अजमल कसाबसाठी ॲड. अंजली वाघमारे यांची नेमणूक केली. त्यांनी याच हल्ल्यातल्या एका साक्षीदाराचेही वकीलपत्र घेतल्याचे समोर येताच एप्रिलच्या मध्यावर ती रद्द झाली. त्यांच्या जागी ॲड. अब्बास काझमी आले. नोव्हेंबरअखेर न्यायालयाशी सहकार्य करीत नसल्याच्या कारणावरून न्यायालयाने त्यांना दूर केले आणि ॲड. के. पी. पवार यांनी पुढचे काम पाहिले. पहिला बदल आरोपीच्या संरक्षणासाठी होता. दुसरा बदल न्यायालयाच्या गरजेपोटी झाला आणि असे बदल जरा जपूनच पाहावे लागतात, कारण न्यायाधीशाला अडचणीचा वाटणारा वकील आरोपीच्या फायद्याचा असू शकतो. याच खटल्याच्या २०१२ च्या अंतिम निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की दंडाधिकाऱ्यापुढे पहिल्यांदा हजर केल्यापासून आरोपीला वकील मिळाला पाहिजे आणि यात कसूर करणारा दंडाधिकारी खातेनिहाय कारवाईस पात्र ठरेल.

वकील पुन्हा पुन्हा बदलणेही हिताचे नसते. अशोक विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सबळ कारण नसेल तर संपूर्ण खटला एकाच वकिलाकडे राहावा, असे सांगितले आणि आरोपीला वकील नसेल तर ते न्यायालयाच्या लक्षात आणून देण्याची जबाबदारी सरकारी वकिलावरही टाकली. म्हणून बदल मागायचा तो एकदा, आणि कारण पक्के असताना.

पैसे मागण्याचा प्रकार वेगळा हाताळावा. विनियमांनुसार नेमलेल्या वकिलाला आरोपीकडून किंवा त्याच्या नातेवाइकांकडून कोणत्याही रूपात फी घेता येत नाही. झेरॉक्सचा खर्च, साहेबांचा खर्च अशी नावे दिली तरी. अशी तक्रार सचिवांकडे आणि गंभीर असेल तर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे करता येते. ॲडव्होकेट्स कायदा, १९६१ च्या कलम ३५ खाली शिस्तपालन समिती ताकीद देण्यापासून सनद रद्द करण्यापर्यंत शिक्षा करू शकते. मात्र बार कौन्सिल आरोपीचा खटला दुरुस्त करीत नाही, आणि तेथील कामाला वेळ लागतो. ग्राहक मंचाचा रस्ता तर बंदच आहे. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी ठरवले. घरच्यांनी पैसे जमवून खासगी वकील दिला तर अनुच्छेद २२(१) नुसार तो हक्क केव्हाही आहे. नव्या वकिलाने वकीलपत्र दाखल करायचे, आणि जुन्याने कागदपत्रे परत द्यायची. फी थकली म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात ठरले आहे.

वकील बदलला तरी झालेले नुकसान आपोआप भरून निघत नाही. तपासलेला साक्षीदार परत बोलावण्याचा अधिकार न्यायालयाला नव्या संहितेच्या कलम ३४८ ने (जुने ३११) दिला आहे, पण तो सढळ हाताने वापरला जात नाही. दिल्लीच्या शिवकुमार यादव प्रकरणात आधीचा वकील अकार्यक्षम होता म्हणून साक्षीदार पुन्हा बोलवावेत, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये नाकारली. केवळ वकील बदलला हे कारण पुरत नाही. कोणता प्रश्न विचारायचा राहिला आणि त्याने काय फरक पडला असता, हे नेमके सांगावे लागते. साक्ष झाल्याच्या दुसऱ्याच तारखेला हरकत घेतलेली असेल, तर पारडे आरोपीकडे झुकते.

अपिलातही कसोटी हीच असते. वकील वाईट होता एवढ्याने शिक्षा रद्द होत नाही. त्यामुळे बचावाची खरी हानी झाली हे दाखवावे लागते. अमेरिकेतही स्ट्रिकलंड प्रकरणापासून (१९८४) साधारण असाच दुहेरी निकष आहे आणि तेथेही तो पार करणे अवघड मानले जाते. मध्य प्रदेशातील खंडव्याच्या अनोखीलाल प्रकरणात तो पार झाला. वकील नेमला त्याच दिवशी, १९ फेब्रुवारी २०१३ रोजी, दोषारोप ठेवले गेले आणि दोन आठवड्यांच्या आत फाशीची शिक्षा झाली. न्या. उदय लळित यांच्या पीठाने २०१९ मध्ये ती रद्द केली. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात नेमलेल्या वकिलाचा किमान १० वर्षांचा अनुभव हवा, तयारीला साधारण किमान सात दिवस हवेत आणि आरोपीशी चर्चा करण्याची मुभा हवी, असे नियम त्या निकालाने घालून दिले. फेरसुनावणीच्या फेऱ्यांनंतर २०२४ मध्ये तो आरोपी निर्दोष सुटला.

नाशिकचे स्वतःचे उदाहरण याहून लांबले. जून २००३ मध्ये नाशिकरोडजवळच्या बेलतगव्हाण शिवारात पेरूच्या बागेतल्या झोपडीवर दरोडा पडून एका कुटुंबातल्या पाच जणांचा खून झाला. भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची शिक्षा कमी केली, पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची फाशी कायम केली. त्यांतला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही पुढे निष्पन्न झाले. पुनर्विचारात तो निकाल मागे घेतला गेला, अपिले नव्याने ऐकली गेली आणि ५ मार्च २०१९ रोजी सर्वांची निर्दोष मुक्तता झाली. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने पोलिसांच्या फोटोंमधून भलत्याच चार जणांना ओळखले होते, आणि त्यांचा तपास पुढे झालाच नव्हता. न्यायालयाने दोष तपासाला आणि अभियोगाला दिला व प्रत्येकाला ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. कागदांतली अशी नोंद पहिल्याच पायरीवर शोधून पुढे आणणे, हेच तर बचावाच्या वकिलाचे मुख्य काम.

शिक्षा झाल्यावर सत्र न्यायालयात अपील करायला ३० दिवस आणि उच्च न्यायालयात ६० दिवस मिळतात. फाशीच्या शिक्षेत ३० दिवस. नाशिकची अपिले मुंबईच्या मुख्य पीठाकडे जातात आणि तेथे उच्च न्यायालय विधी सेवा समिती नवा वकील देते, दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाची समिती. खालच्या न्यायालयातलाच वकील पुढे चालवण्याची सक्ती नसते. अपील कारागृहातून अधीक्षकांमार्फतही पाठवता येते. मुदत आधीच्या वकिलाच्या चुकीने उलटली असेल, तर विलंब माफीचा अर्ज जोडतात. त्याला निकालाची विनामूल्य मिळालेली नक्कल, रोजनाम्याच्या नकला आणि पूर्वीच्या तक्रार अर्जांच्या पोचा लावाव्या लागतात.